वरच्या जिल्ह्यातलं धुणं

पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये फेब्रुवारीत पाऊल टाकलं की आधी थंडी अंगाला लागते आणि मग वास येतो. ओल्या पुठ्ठ्याचा, नुकत्याच कापलेल्या देठांचा, आणि या दोन्हींच्या तळातून वर येणारा गंधकाचा. पेटी बंद करताना बुरशी धरू नये म्हणून द्राक्षांवर एक पातळ पॅड ठेवतात, त्याचा तो वास. काडेपेटीची काडी ओढल्यावर, ज्योत स्थिरावण्याआधी नाकात शिरतो, तसा. द्राक्षांचा दर्जा तपासणं हा माझा धंदा, त्यामुळे दर हंगामात तो मला भेटतो. त्याची सवय झाली असं मी लोकांना सांगतो.

यंदा एका नव्या पॅकहाऊसला गेलो होतो. सुरगाण्याकडच्या बायका लांबलचक टेबलाशी ओळीने उभ्या राहून कात्रीने घड साफ करत होत्या. त्यांतली एक, माझ्या आईच्या वयाची असेल, मी जवळून जाताना म्हणाली, "सायेब, डोळे लय झोंबतात."

मी काही बोलायच्या आत तिथली सुपरवायझर मुलगी म्हणाली, "होईल सवय, मावशी. हात चालू ठेवा."

मावशीने शेजारणीला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. दोघी हसल्या. ते हसू टेबलाच्या टोकापर्यंत गेलं आणि तिथे विझलं. मी नाशिकात जन्मलो, इथेच वाढलो, आणि माझ्याच जिल्ह्यातल्या बायका माझ्याविषयी काय बोलल्या ते मला कळलं नाही. पण ते न कळणं फार ओळखीचं होतं. मी बाहेर येऊन गाडीत बसलो. काचा वर होत्या, हायवेवरचे टेम्पो आवाज न करता जात होते, आणि बोटांना गंधकाचा वास होता. मला तो वरचा जिल्हा आठवला.

बारा वर्षांपूर्वी मी पेरू नावाच्या देशात नोकरीला गेलो होतो. फळाचं नाव असलेला देश. इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत त्यावर महिनाभर विनोद झाले. शेतीची पदविका, पिंपळगावातला चार हंगामांचा अनुभव आणि मोडकंतोडकं स्पॅनिश एवढ्यावर मला तिथल्या एका द्राक्ष कंपनीने घेतलं. समुद्रकाठचं वाळवंट होतं ते. पाऊस म्हणून पडत नाही. वाळूत ठिबकच्या नळ्या टाकून, मैलोन्‌मैल वेली उभ्या केलेल्या. सकाळी समुद्राकडून धुकं यायचं आणि दुपारी वाळू इतकी तापायची की बुटाचा तळ मऊ व्हायचा. माणसं मात्र तिथली नव्हती. कापणीला, पॅकिंगला, सगळ्या कामाला माणसं वरून यायची, डोंगरातून, बसच्या बस भरून. ती आपसात स्पॅनिश बोलत नसत. त्यांच्या भाषेला बाहेरचे लोक केचुआ म्हणतात. हे मी फोनवर घरी सांगितलं तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "हिंदीत केचुआ म्हणजे गांडूळ." मीही हसलो होतो.

त्यांचा स्वतःचा शब्द वेगळा आहे. रुनासिमी. रुना म्हणजे माणूस, सिमी म्हणजे तोंड. माणसाचं तोंड. हे मला सिप्रियानोने सांगितलं.

सिप्रियानो आमच्या पॅकहाऊसमध्ये गॅसच्या खोलीवर होता. आपल्याकडे पॅड ठेवतात. तिथे त्याशिवाय द्राक्षाच्या पेट्या एका मोठ्या बंद खोलीत रचून तिच्यात गंधकाचा धूर सोडायचे, मग पंखे लावून तो बाहेर काढायचे, मग पेट्या आणायला आत माणूस जायचा. तो माणूस म्हणजे सिप्रियानो. तिशीचा, बुटका, छाती मात्र ढोलासारखी. वरच्या विरळ हवेत वाढलेल्यांची असते तशी. गालांची कातडी थंडीने कायमची तडकलेली. तिथे शेती शिकलेल्या कुणालाही इंजिनिअर म्हणायची पद्धत आहे, त्याचं त्यांनी केलेलं लघुरूप म्हणजे 'इन्हे'. मी त्याच्यासाठी इन्हे होतो. माझ्या नावाची मोडतोड करण्यापेक्षा मलाही ते बरं वाटायचं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्याला त्याचा जिल्हा कुठे आहे विचारलं. भिंतीवर नकाशा होता, त्याच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. चार रिकामे क्रेट आणून एकावर एक रचले.

"आमचा जिल्हा आडवा नाही, इन्हे. उभा आहे." सगळ्यांत खालच्या क्रेटवर त्याने बूट टेकवला. "इथे नदी, मका, निवडुंगाची फळं. इथं आम्ही सणाला उतरतो." दुसऱ्यावर हात ठेवला. "इथे गहू, वालाच्या शेंगा, बहिणीची शाळा." तिसऱ्यावर, "इथे बटाटा. इथं आई." चौथ्यावर, "इथे नुसतं गवत. अल्पाका चरतात. झाड एकही नाही." मग डोक्यावरची टोपी काढून त्याने ती वर ठेवली. "आणि हा बर्फ. ह्याच्याशी नीट बोलावं लागतं."

त्याच्या टोपीच्या कडेला घामाने पांढरी रेघ आली होती. मी एवढ्या शाळांत भूगोल शिकलो, पण मला कळलेला भूगोल तेवढाच.

आम्ही रोज एकत्र जेवायला लागलो. तो काळे सुकवलेले बटाटे आणायचा. डोंगरातल्या कडक थंडीत रात्री गोठवून, दिवसा पायांनी तुडवून, वाळवून ठेवलेले. चुन्यो. लाकडासारखे हलके, आणि शिजवल्यावर त्यांना जुन्या मातीचा वास यायचा. मी त्याला डाळ-भात द्यायचो. तो म्हणायचा, ह्यात तिखट आहे पण चावायला काही नाही. एकदा मी त्याला माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबांना शाळेत वर्गात बसू देत नसत. ते दाराबाहेर, चपलांच्या ओळीशेजारी बसून शिकले, आणि पाटी तपासताना मास्तर ती त्यांच्या हातातून घेत नसे, जमिनीवर ठेवायला सांगे. सिप्रियानोने चावणं थांबवलं. मग म्हणाला, "आम्हाला मास्तर शाळेत रुनासिमी बोललो की मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावायचा. स्पॅनिश शब्द आठवेपर्यंत. माझी बहीण हुशार, तिला लगेच आठवायचा. मला नाही आठवायचा." त्याने पॅन्ट वर सरकवली. गुडघ्यावर काही नव्हतं. "आता दिसत नाही," तो म्हणाला, आणि थोडा ओशाळला.

मला वाटलं होतं, हा माणूस आणि मी एकाच घरातले.

जानेवारीत, हंगाम भरात असताना, एका दुपारी बंदराकडे जाणारा कंटेनर दारात उभा होता आणि गॅसच्या खोलीवरचं गॅस मोजायचं यंत्र अजून शून्यावर आलेलं नव्हतं. पंख्यांपैकी एक सकाळपासून बंद होता. कंटेनरचा ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी येऊन विचारत होता. सिप्रियानो मास्क गळ्यात अडकवून दाराशी थांबला होता आणि माझ्याकडे पाहत होता. दार उघडायचं की नाही हे त्या पाळीत मी सांगायचं असे.

मी म्हणालो, "आता चालेल."

त्याने मास्क लावला आणि आत गेला. माझं तेवढंच वाक्य. नंतर मी ते स्पॅनिशमध्ये, मराठीत, मनातल्या मनात पुष्कळदा बोलून पाहिलं आहे. कुठल्याच भाषेत त्याला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

दवाखान्याच्या कागदावर सिप्रियानोचं हृदय बंद पडल्याचं लिहिलेलं होतं. मॅनेजरने मला बोलावून तो कागद, कपड्यांची पिशवी आणि पिकअपची चावी असलेला ड्रायव्हर अशा तीन गोष्टी दाखवल्या. "त्याची तुझ्याशी मैत्री होती," तो म्हणाला. "त्याला घरी तू पोचव. फार बोलू नकोस. तुझा व्हिसा आमच्या कागदावर आहे, आणि दार उघडायला कुणी सांगितलं हे मी कुठे लिहिलेलं नाही." तो ओरडला नाही, धमकीचा सूरही नव्हता. उलट खांद्यावर हात ठेवून बोलला, जसा एखादा काका बोलेल.

पहाटे निघालो. मागे ताडपत्रीखाली शवपेटी. वाळवंट संपलं, निवडुंग सुरू झाले, मग मका, मग गव्हाचे हिरवे तुकडे. एकेक क्रेट चढत होतो आम्ही. तिसऱ्या टप्प्याला बटाट्याची शेतं लागली आणि मी पहिल्यांदा बटाट्याचं फूल एवढ्या संख्येनं पाहिलं. जांभळं, पांढरं, मध्ये पिवळा ठिपका. डोंगरच्या डोंगर त्याने भरलेले. माझं डोकं फुटायला लागलं होतं. हवा छातीत जायची पण पुरायची नाही. ड्रायव्हर म्हणाला, "बोलू नका, हळू श्वास घ्या." त्यातलं पहिलं मला सोपं होतं.

संध्याकाळी ऊन असतानाच पोचलो. मातीच्या विटांची घरं, वर पत्रे, पत्र्यांवर दगड. माणसं रस्त्यावर येऊन उभी होती, टोप्या हातात धरून. सिप्रियानोची आई ममा पाउला पुढे आली. तिने आधी पेटीला हात लावला नाही. मला लावला. माझे दोन्ही गाल तिने तिच्या खरखरीत तळव्यांत धरले आणि काहीतरी बोलली.

शेजारी उभी असलेली बाई स्पॅनिशमध्ये म्हणाली, "मी नेली, त्याची बहीण. आई म्हणते, तुम्ही त्याला एकट्याला पाठवलं नाहीत."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्याला पुरलं. थडग्यावर त्यांनी कोकाची पानं, जी ते देवालाही वाहतात, आणि चुन्यो ठेवला. त्याच दुपारी खाली दरड कोसळल्याची बातमी आली. रस्ता उघडेपर्यंत मला आणि ड्रायव्हरला तिथेच राहावं लागणार होतं. ड्रायव्हर त्याच्या ओळखीच्यांकडे गेला. मी ममा पाउलाच्या घरात.

त्या तीन दिवसांविषयी मी कुणाला कधी सांगितलेलं नाही, कारण ते सुखाचे होते. मी उलट्या करत पडलो होतो आणि ती बाई, जिचा मुलगा कालच मातीत गेला होता, माझ्या कानशिलांवर कसलासा पाला चुरून लावत होती. कोकाच्या पानांचा कडू काढा पाजत होती. चुलीत गोवऱ्या जळायच्या, त्यांचा गोडसर धूर, मेंढीच्या कातड्याचा वास, पत्र्यावर गारांचा सडा पडला की कानठळ्या बसवणारा आवाज. घरात पाळलेली गिनीपिगं चुलीच्या उबेला शिट्ट्या मारत फिरायची. ती वाडगा पुढे करून म्हणायची, "मिकुय." जेव. मी वाडगा संपवला की पुन्हा "मिकुय." दुसरा काही शब्द आम्हा दोघांत नव्हता आणि लागलाही नाही. ती मला सिप्रियानोच्या जागी निजवायची. भिंतीत खुंटी होती, तिला त्याचा लहानपणीचा सदरा अजून टांगलेला होता.

नेली खालच्या गावात शाळेत शिकवायची. ती दुपारी ओसरीवर बसून माझ्याशी बोले. सावकाश, वाक्य तोलून. ती म्हणाली, "मी मुलांना दोन्ही भाषा शिकवते. कुणाला गुडघ्यावर बसवत नाही."

"त्याने सांगितलं होतं मला," मी म्हणालो.

"आणखी काय सांगितलं त्याने?"

"तुम्ही हुशार होतात."

ती हसली नाही. "तो कामाचं काय सांगायचा?"

"काम चांगलं करायचा," मी म्हणालो. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग गारांकडे बघत राहिली.

त्यांच्याकडे माणूस गेल्याच्या पाचव्या दिवसाला फार महत्त्व. पिच्का म्हणतात त्याला, म्हणजे पाच. आदल्या संध्याकाळी दारात राख पसरून ठेवतात. गेलेला माणूस शेवटचा एकदा घरी येऊन जातो, त्याची खूण राखेत सकाळी बघायची. आणि मग त्याचे सगळे कपडे नदीवर नेऊन धुवायचे. एकही मागे ठेवायचा नाही. राहिला तर तो शोधत परत येतो, आणि परत येणाऱ्याला थंडी फार वाजते.

त्या पहाटे मला मळमळलं. मी बूट चढवून घाईने बाहेर गेलो आणि परत आलो. राख माझ्या ध्यानात नव्हती. उजाडल्यावर ममा पाउलाचा आवाज आला म्हणून उठलो, तर ती दारात वाकून राखेकडे बघत होती आणि तिचा चेहरा उजळला होता. राखेत बुटाचा एक ठसा होता. कंपनीच्या बुटाचा, तळाला तिरप्या रेघा असलेला. आम्हा सगळ्यांना सारखेच बूट मिळायचे. तिने शेजारणींना हाक मारली. प्रत्येकीला तो ठसा दाखवला. एकीने त्याच्यापुढे गुडघे टेकले.

नेलीने ठसा पाहिला. मग माझ्या पायांकडे पाहिलं. मग आईच्या खांद्यावर शाल नीट केली आणि म्हणाली, "हो, आई. आला होता." ते मला कळावं म्हणून तिने स्पॅनिशमध्ये म्हटलं असावं, आईला मग तिच्या भाषेत परत सांगितलं.

ते खोटं मी बोललो नव्हतो. पण गप्प राहिलो.

ओढा घराच्या खाली होता, बर्फातून आलेला, तळाचा एकेक दगड दिसेल इतका स्वच्छ. काठावर गावातली वीसेक माणसं जमली. कपडे घरच्यांनी धुवायचे नसतात, परक्यांनी धुवायचे असतात. आणि त्या दिवशी सगळ्यांत परका मी होतो. ममा पाउलाने स्वतः गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. वर सदरे होते, एक लोकरीची बंडी, फुटबॉलची जुनी चड्डी, तो लहानपणीचा सदरा. तळाशी कंपनीचं निळं जॅकेट. मी बरोबर आणलेल्या पिशवीतलं. ते उलगडलं तेव्हा मला तो वास आला. चार दिवसांनी, एवढ्या उंचीवर, एवढ्या मोकळ्या हवेत. कॉलर, दोन्ही बाह्या आणि छातीचा भाग यांचा निळा रंग उडून पांढुरके चट्टे पडले होते. घामाने ओल्या कापडाला तो धूर लागला की असंच होतं.

नेली पुढे आली आणि तिने जॅकेट माझ्या हातातून काढून घेतलं. आई तिला काहीतरी म्हणाली. नेलीने उत्तर दिलं. दोघींचा आवाज चढला नाही, पण सगळी माणसं बोलायची थांबली. आईने हात पुढे केला. नेलीने जॅकेट छातीशी धरलं.

मग ती माझ्याकडे वळली.

"इन्हे, आई म्हणते, ह्यासकट सगळं धुवायचं, नाहीतर तो थंडीत हिंडत राहील. मी म्हणते, हे मला खाली शहरात न्यायचं आहे. कामगारांचं ऑफिस आहे तिथे. कागदावर हृदय लिहिलंय. माझ्या भावाचं हृदय मला माहीत होतं." तिने चट्ट्यावर बोट ठेवलं. "तुम्ही तिथे होतात. हे डाग कशाचे आहेत ते सांगा. तुम्ही सांगाल तसं मी करीन."

ओढ्याचा आवाज होता. वर कुठेतरी अल्पाका ओरडत होता, दरवाजा कुरकुरावा तसा. ममा पाउला माझ्याकडे बघत होती, एक शब्द न कळता, पूर्ण विश्वासाने. मला त्या क्षणी आजोबा आठवायला हवे होते, चपलांची ओळ आठवायला हवी होती. मला आठवला तो मॅनेजरचा खांद्यावरचा हात, आणि आईला फोनवर सांगितलेलं पुढच्या हंगामातलं प्रमोशन.

"धुलाईच्या पावडरचे," मी म्हणालो. "खाली कपडे एकत्र धुतात. पावडर जास्त झाली की रंग जातो."

 नेलीने जॅकेटची घडी घातली, नीट, बाह्या आत दुमडून, दुकानात घालतात तशी, आणि माझ्या हातात दिली.

मी ते धुतलं. पाण्याने बोटं क्षणात बधिर झाली. साबणाऐवजी एक मूळ ठेचून वापरतात, त्याचा पांढरा फेस येतो. मी कॉलर घासली, बाह्या घासल्या, दगडावर आपटलं, पुन्हा बुडवलं. फेस ओढ्यातून खाली गेला, बटाट्याच्या शेतांकडे, गव्हाकडे, मक्याकडे, सगळे क्रेट उतरत. तिसऱ्यांदा नाकाशी धरलं तेव्हा ओल्या कापडाखेरीज कशाचाही वास नव्हता. गवतावर पसरून सुकवलेल्यांतले धड कपडे नात्यातल्या पोरांना गेले, फाटके-विटके आगीत. जॅकेट विटक्यांत गेलं. दुपारी काठावर सगळ्यांनी बटाटे खाल्ले, मक्याची दारू प्याले, आणि म्हातारे एक फाशांचा खेळ खेळले, गेलेल्याच्या नावाने. ममा पाउलाने माझे लाल पडलेले हात तिच्या शालीत घेतले आणि फुंकर घालत बसली, विझत आलेल्या निखाऱ्याला जपावं तशी. नेली तेवढा वेळ पाठ करून उभी होती.

दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला.

मला प्रमोशन मिळालं. आणखी तीन हंगाम तिथे काढले, मग नाशिकला परतलो, लग्न केलं, इंदिरानगरात फ्लॅट घेतला. माझे वडील गेले तेव्हा पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींची वंदना चालू असताना आईने मला हळूच विचारलं, "ह्यांच्या कपड्यांचं काय करायचं?" मी म्हणालो, कुणाला तरी देऊन टाक. कपाट मला उघडवलं नाही. आईला वाटलं, पोरगा हळवा आहे.

नेलीकडे माझा नंबर होता. वर्षातून एखादा निरोप यायचा. बटाट्याच्या फुलोऱ्याचा फोटो. शाळेच्या मुलांचा फोटो. एकदा तिने लिहिलं, वरच्या चौथ्या टप्प्यावरचं गवत आता लवकर वाळतं आणि टोपीएवढा बर्फसुद्धा शिखरावर राहिलेला नाही; मुलांना भूगोल शिकवताना काय रचायचं कळत नाही. मी प्रत्येक निरोपाला जोडलेल्या हातांचं चित्र पाठवत असे.

पिंपळगावच्या त्या दुपारी मी गाडीतून उतरून पुन्हा आत गेलो आणि डोळे झोंबणाऱ्या त्या मावशीला खिडकीजवळच्या टेबलाशी हलवायला लावलं. ती सुपरवायझर मुलगी म्हणाली, "सर, मग तिथं दुसरी उभी करावी लागेल." आणि तिने दुसरी उभी केली.  घरी आलो आणि नेलीला लिहायला बसलो. मधल्या वर्षांत स्पॅनिश गंजलं होतं, तरी लागणारे शब्द थोडेच होते. पंखा बंद होता. यंत्र शून्यावर नव्हतं. दार उघडायला मी सांगितलं. डाग धुराचे होते.

दोन दिवस उत्तर आलं नाही. मग आलं.

"हे मला तेव्हाच माहीत होतं. डाग कशाचे ते ओळखायला शाळेत जावं लागत नाही. गॅसच्या खोलीवरची आमची आणखी माणसं तिथे होती, ती सुट्टीला घरी येतात, त्यांच्या जॅकेटांवर तेच असतं. मला जॅकेट नको होतं, इन्हे. जॅकेटला ऑफिसात कुणी काही विचारत नाही. मला साक्ष देणारा माणूस हवा होता. तो सापडतो का, तेवढं मी विचारून पाहिलं."

खाली दुसरा निरोप होता. "आई अजून आहे. डोळ्यांनी दिसत नाही. इतकी वर्षं ती तुमच्यासाठी रोज कोकाचं एक पान बाजूला ठेवायची. काल मी तिला सगळं वाचून दाखवलं. ती तुमच्याशी बोलली आहे, सोबत पाठवते. अर्थ विचारू नका. मी सांगू नये असं तिने मला बजावलंय."

तो आवाज मी आमच्या बाल्कनीत उभा राहून ऐकला. खाली सोसायटीच्या गेटवर भाजीची गाडी उभी होती, कुणी कोथिंबिरीची जुडी परत करत होतं. ममा पाउलाचा आवाज म्हातारा झाला आहे, पण थरथरत नाही. ती रडत नाही. ओरडत नाही. वाक्य म्हणते, थांबते, श्वास घेते, पुढचं म्हणते, जसं कुणी लिहून घेणारा समोर बसलेला असावा. मध्ये एका ठिकाणी ती थोडी हसल्यासारखं वाटतं, किंवा तो खोकला असेल. शेवटी एक लांब शब्द येतो, तो ती दोनदा म्हणते, दुसऱ्यांदा अगदी सावकाश, लहान मुलाला शिकवावा तसा. मग शांतता, आणि संपतं.

फोनमधल्या भाषांतराला ते ऐकवून पाहिलं. पहिल्यांदा 'पाऊस' असं आलं, दुसऱ्यांदा 'पाठवा', तिसऱ्यांदा भाषा ओळखता आली नाही असं. नाशिकमध्ये कुणाला विचारणार? तो शब्द मी आता पाठ म्हणू शकतो. तिच्याच सुरात, तिच्याच ठेक्यात. रस्त्याने जाताना, लिफ्टमध्ये, आंघोळ करताना तो तोंडात येतो. मी स्वतःला काय म्हणतो आहे, ते मला माहीत नाही.

काल पुन्हा ऐकत होतो तर बायको हात पुसत बाल्कनीच्या दारात आली.

"कोण हो ती बाई? परवापासून ऐकताय."

"पेरूतली. तिथं माझ्याबरोबर एकजण कामाला होता, त्याची आई."

"गोड आवाज आहे," ती म्हणाली. "काय म्हणते?"

"काही नाही. घरचे सगळे कसे आहेत, विचारते."

"एवढ्या लांबून आठवण ठेवली बाईने," बायको म्हणाली. "माझाही नमस्कार सांगा त्यांना."

"सांगतो," मी म्हणालो.